परदेशात शिकायला जाताना: कामाचे तास, मुक्कामाचा परवाना आणि घरचा हिशेब. सीमाभागातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी सकाळी बेळगावात, शहापूरला माझ्या घरी चार-पाच मुलं आईवडिलांना घेऊन येतात. कुणाचे वडील उद्यमबागेत फाउंड्रीत असतात, कुणाच्या घरी वडगावात यंत्रमाग असतात, कुणी खानापूर तालुक्यातून पहिली एसटी पकडून आलेलं असतं. मी २०१४ ते २०१६ जर्मनीत एमएस्सी केलं, चार वर्षं तिथेच नोकरी केली आणि परत बेळगावला आले. प्रश्न तेच ते येतात आणि प्रत्येक वेळी काहीतरी सांगायचं राहून जातं, म्हणून इथे लिहून ठेवतेय. आकड्यांसोबत जमेल तिथे तारीख दिली आहे. अर्ज भरायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर तो आकडा पुन्हा बघा.

मुलगा तिकडं पार्टटाइम करून फी आणि हप्ता दोन्ही भागवील, असं एजंट सांगतोय. खरं का ओ?

नाही. हा प्रश्न पहिला घेतला, कारण घरं याच्यात अडकतात.

इंग्लंडचं बघू. एप्रिल २०२६ पासून २१ वर्षांवरच्यांसाठी किमान वेतन तासाला १२.७१ पौंड आहे. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. म्हणजे प्रत्येक आठवड्याला पूर्ण २० तास मिळाले तरी हातात साधारण २५४ पौंड, महिन्याला अकराशेच्या आसपास. लंडनमध्ये एकट्या विद्यार्थ्याच्या खर्चासाठी व्हिसा खातंच महिन्याला १,५२९ पौंड धरतं. म्हणजे पूर्ण तास भरूनही राहण्याजेवण्याचा खर्च निघत नाही, फी तर बाजूलाच. शिवाय पहिले दोन-तीन महिने काम मिळेलच असं नाही, आणि परीक्षेच्या काळात करता येत नाही.

मागच्या वर्षी एक गृहस्थ आले होते. फाउंड्रीत मोल्डिंगला असतात. कितीही धुतलं तरी बोटांच्या पेरांत काळी वाळू राहतेच, तशा हातांनी त्यांनी पासबुकात घडी घालून ठेवलेला कागद उलगडला. त्यावर खर्चाच्या समोर चार ओळी होत्या: बँकेचं कर्ज, बायकोचे दागिने, सोसायटीतली ठेव, आणि चौथी ओळ ‘मुलाची कमाई, महिना एक लाख’. ती चौथी ओळ मी त्यांच्यादेखत खोडली. ते बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले. मग आम्ही हिशेब पहिल्यापासून मांडला. त्यांचा मुलगा त्या वर्षी गेला नाही, एक वर्ष जर्मन शिकला, आणि आता जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठात आहे, जिथे बहुतेक राज्यांत शिकवणीची फीच नाही.

तुम्हीही हिशेब करताना ती चौथी ओळ शून्य धरा. मुलानं कमावलं तर त्याचा किराणा आणि बसचा पास त्यातून निघेल, तेवढं पुष्कळ झालं.

कुठल्या देशात किती तास काम करता येतं?

इंग्लंड: पदवी किंवा त्यावरचा अभ्यासक्रम असेल तर सत्रात आठवड्याला २० तास, पदवीखालचा असेल तर १०. सुट्टीत पूर्णवेळ चालतं. पण एक वर्षाच्या एमएस्सीला उन्हाळ्यात प्रबंध लिहायचा असतो, तो काळ सुट्टी धरला जात नाही. जूनमध्ये वर्ग संपले म्हणून चाळीस तास लावून घेतलेली मुलं मी पाहिली आहेत. आपल्या अभ्यासक्रमाच्या सुट्टीच्या तारखा विद्यापीठाकडून लेखी घ्या.

जर्मनी: १ मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. चार तासांपर्यंतचं काम म्हणजे अर्धा दिवस. विद्यापीठातच सहाय्यक म्हणून केलेलं काम या दिवसांत मोजत नाहीत, म्हणून प्राध्यापकांकडे तशी जागा असेल तर आधी ती बघा. पैसा थोडा कमी असला तरी पुढे शिफारसपत्र मिळतं आणि भाषा सुधारते.

कॅनडा: ८ नोव्हेंबर २०२४ पासून सत्रात कॉलेजबाहेर आठवड्याला २४ तास. ठरलेल्या सुट्ट्यांत पूर्णवेळ. अभ्यासक्रम सुरू व्हायच्या आधी मात्र एक तासही नाही.

ऑस्ट्रेलिया: १ जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तास. पीएचडी आणि संशोधनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला मर्यादा नाही.

आयर्लंड: सत्रात २० तास. जून ते सप्टेंबर आणि १५ डिसेंबर ते १५ जानेवारी ४० तास.

अमेरिका सगळ्यांत कडक आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर फक्त विद्यापीठाच्या आवारात, सत्रात २० तास: ग्रंथालय, भोजनगृह, प्रयोगशाळा असं. बाहेर काम करायचं तर सीपीटी (शिकत असतानाच्या कामाची परवानगी) किंवा ओपीटी (मुख्यतः शिक्षण संपल्यावरच्या कामाची परवानगी) लागतं आणि ते अभ्यासाच्या विषयाशीच जोडलेलं असावं लागतं. बाहेर पेट्रोल पंपावर किंवा दुकानात गुपचूप केलेल्या कामाला तिथे माफी नाही. इतर चुकांसाठी विद्यार्थ्याचा दर्जा परत मिळवायचा अर्ज करता येतो, पण परवानगीशिवाय नोकरी केली असेल तर तोही रस्ता बंद होतो.

तास मोजायचे कसे? मालक लिहितोच की.

मालक त्याच्या पगारासाठी लिहितो. तुमचा व्हिसा सांभाळायचं काम त्याचं नाही.

इंग्लंडमध्ये आठवडा म्हणजे सोमवार ते रविवार, आणि सरासरी काढत नाहीत. एका आठवड्याला २५ आणि पुढच्याला १५ केले तर ‘दोन्ही मिळून ४०च झाले’ हे उत्तर चालत नाही. पहिल्या आठवड्यातच नियम मोडला.

ऑस्ट्रेलियाचं गणित मुलांना सगळ्यात जास्त चकवतं. तिथला पंधरवडा कुठल्याही सोमवारी सुरू होतो आणि दर सोमवारी नवा सुरू होतो. समजा लागोपाठ तीन आठवडे १५, ३० आणि २५ तास काम झालं. पहिले दोन मिळून ४५, ठीक. दुसरा आणि तिसरा मिळून ५५, मोडला. पगार दोन आठवड्यांनी एकदा मिळतो म्हणून मुलं पगाराच्या पंधरवड्यावर मोजतात आणि तिथेच चुकतात.

दोन ठिकाणी काम असेल तर दोन्हीकडचे तास एकत्र धरायचे. ‘ट्रायल आहे, पैसे नाहीत’ म्हणून करून घेतलेलं कामही इंग्लंडमध्ये आणि ऑस्ट्रेलियात कामच धरलं जातं.

मी जाताना खडेबाजारातून लाल पुठ्ठ्याची छोटी वही घेतली होती. बेकरीत काम करायचे. प्रत्येक पाळीनंतर ट्राममध्ये बसल्या बसल्या तारीख, आले किती वाजता, गेले किती वाजता, आणि पूर्ण दिवस की अर्धा, एवढं लिहायचे. तेव्हा मर्यादा वर्षाला १२० दिवसांची होती. नोव्हेंबरच्या शेवटी वहीत ११७ झाले होते आणि नाताळाच्या गर्दीसाठी मालकीण रोज बोलावत होती. मी वही तिच्यासमोर ठेवली. तिनं स्वतःच्या नोंदी काढल्या, त्यात माझे १०९ दिवस होते, कारण पाच तासांच्या काही पाळ्या तिनं अर्धा दिवस म्हणून लिहिल्या होत्या. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण तिच्या आकड्यावर विसंबून काम केलं असतं तर परवाना वाढवायच्या वेळी उत्तर मला द्यावं लागलं असतं.

आता वही नको वाटली तर मोबाइलमध्ये ठेवा. पण रोज लिहा, आठवड्यानं आठवून लिहू नका.

ओळखीच्या हॉटेलात रोख पैशांवर काम मिळतंय. तास कुणाला कळणार?

जाऊ नका. कळतं हा भाग सोडा. रोखीत काम करणाऱ्याला किमान वेतन मिळत नाही, हात भाजला तर विमा नाही, आणि पैसे बुडवले तर तक्रार करायला तोंड राहत नाही, कारण तक्रार म्हणजे आपलीच कबुली. मालक आपल्याकडचा, आपली भाषा बोलणारा असला की मुलांना आधार वाटतो आणि बोलायची भीड पडते. त्याचा फायदा घेणारे आहेत. जर्मनीत १ जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो किमान वेतन आहे. विद्यार्थी असलात तरी ते तुमच्या हक्काचं आहे.

पगार बँकेत, पगारपत्रक हातात. या दोन गोष्टी मिळत नसतील तर ते काम आपलं नव्हे.

सायकलवरून फूड डिलिव्हरी करू का? सगळे करतात.

इंग्लंडमध्ये नाही. विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला बंदी आहे आणि डिलिव्हरीवाले बहुतेक करून स्वयंरोजगारात मोडतात. मग मुलं दुसऱ्याचं खातं भाड्यानं घेतात, आठवड्याला ठरावीक पैसे देऊन. निपाणीकडचा एक मुलगा असाच करत होता. रस्त्यावर तपासणी झाली, मोबाइलवर नाव एकाचं आणि ओळखपत्रावर दुसऱ्याचं. प्रबंध जमा करायला सहा आठवडे राहिले होते. तो पदवीशिवाय परत आला, आणि कर्जाचे २२ लाख घरावर राहिले. त्याच्या आईनं मला विचारलं, “सायकलच चालवत होता की, चोरी थोडीच केली?” तिला काय सांगायचं ते मला आजही सुचत नाही.

ऑस्ट्रेलियात स्वतःचा एबीएन, म्हणजे व्यवसायाचा क्रमांक काढून करता येतं, पण ते तास ४८ मध्येच धरायचे. जर्मनीत स्वतंत्र व्यवसायाला परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची वेगळी परवानगी लागते, कंपनीच्या पगारावर कामगार म्हणून असाल तर चालतं.

इथल्याच आयटी कंपनीचं काम तिथं बसून ऑनलाइन केलं तर?

पैसे बेळगावच्या खात्यात आले तरी काम तुम्ही बसलाय तिथेच झालं, असं बहुतेक देश धरतात. इंग्लंडमध्ये आणि ऑस्ट्रेलियात ते तास मर्यादेत मोजायचे. इंग्लंडमध्ये फ्रीलान्स तर मुळीच नाही. अमेरिकेत असाल तर विद्यापीठातल्या डीएसओला, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसाचे कागद बघणाऱ्या अधिकाऱ्याला, विचारल्याशिवाय हात लावू नका.

पैसे सगळे सोसायटीत आहेत. तो दाखला चालेल का?

आपल्या भागातला हा अगदी खास प्रश्न. इथे घरटी एकाचं तरी पतसंस्थेत किंवा सौहार्द सहकारी संस्थेत खातं असतं. पिग्मीवाला दारात येतो, अध्यक्ष ओळखीचे, कर्जही तिथूनच. पण या संस्था बँक नाहीत आणि रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली नाहीत. इंग्लंडच्या नियमात पैसे अधिकृत देखरेखीखालच्या वित्तसंस्थेत असावे लागतात आणि तिचे व्यवहार संगणकावर तपासता यायला हवेत. म्हणून पैसे वेळेत राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या बँकेत हलवा.

वेळेत म्हणजे किती आधी? इंग्लंडसाठी सलग २८ दिवस रक्कम खात्यात पडून लागते. एक दिवस जरी कमी झाली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. लंडनबाहेर नऊ महिन्यांचे १०,५३९ पौंड, लंडनला १३,७६१, शिवाय उरलेली फी. आणि खातं मुलाचं स्वतःचं किंवा आईवडिलांचं हवं. मामा, काका, थोरला भाऊ यांचं चालत नाही. आपल्याकडे पैसा खरा असतो तो मामाकडे, तेव्हा ही गोष्ट लवकर लक्षात घ्या. आईवडिलांचं खातं असेल तर जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र जोडायचं.

जर्मनीला ब्लॉक्ड अकाउंट लागतं: वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरायचे, आणि तिथे गेल्यावर महिन्याला ९९२ युरोप्रमाणे ते मुलाला परत मिळतात. ही फी नव्हे, मुलाचेच पैसे आहेत. कॅनडाला १ सप्टेंबर २०२५ पासून फी सोडून २२,८९५ कॅनेडियन डॉलर, ऑस्ट्रेलियाला मे २०२४ पासून फी आणि प्रवास सोडून २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवावे लागतात.

शेताचा उतारा, दागिन्यांचं मूल्यांकन यांनी कुटुंबाची पत दिसते, पण इंग्लंडमध्ये ते पैशांच्या जागी धरत नाहीत.

कर्जाला शेत तारण ठेवता येईल का?

बँका शैक्षणिक कर्जासाठी शेतजमीन घ्यायला सहसा राजी नसतात. एनए प्लॉट किंवा घर मागतात. सरकारी बँकांत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, नावाजलेल्या विद्यापीठांसाठी काही बँका त्याहून बरंच जास्त विनातारण देतात. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून एकाच वेळी अनेक बँकांत अर्ज करता येतो. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून बाहेर पाठवलेल्या रकमेवर टीसीएस (पैसे बाहेर पाठवताना बँक आधीच कापते तो कर) कापला जात नाही, आणि जुन्या करप्रणालीत व्याजावर आयकरात सवलत मिळते. सोसायटीच्या कर्जावर या दोन्ही गोष्टी नाहीत, शिवाय व्याज जास्त. ओळखीनं पटकन मिळतं म्हणून सोसायटीचं उचलू नका.

आमचा पत्ता बेळगावचा, पण शिक्षण कोल्हापूर-पुण्याला झालं. व्हिसासाठी मुंबई की बेंगळुरू?

देशावर अवलंबून आहे. जर्मनी पत्ता बघतो. कर्नाटकात राहणाऱ्याचा अर्ज बेंगळुरूच्या वकिलातीकडे जातो. पुण्यात नोकरी करून तिथेच राहत असाल तर राहण्याचा पुरावा देऊन मुंबईला करता येतो. मुंबई मनानं जवळ वाटते म्हणून तिथे वेळ घेतात आणि मग परत फिरतात, असं होऊ देऊ नका. ऑगस्ट २०२५ पासून बेळगावहून बेंगळुरूला पहाटेची वंदे भारत आहे, पण मी तरी रात्रीच्या गाडीनं आदल्या दिवशी पोचा असंच सांगेन. अमेरिकेची मुलाखत भारतातल्या व्हिसा देणाऱ्या कुठल्याही वकिलातीत घेता येते. इंग्लंडसाठी क्षयरोगाची तपासणी त्यांनी मान्य केलेल्या दवाखान्यातच करावी लागते, त्यासाठीही मोठ्या शहरातच जावं लागतं.

जर्मनीसाठी अजून एक: १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शिक्षणाचे कागद तपासल्याचा दाखला, सक्तीचं आहे. त्याला वेळ लागतो, म्हणून पहिलं काम ते.

जन्मदाखल्यावर ‘बेलगाम’, पासपोर्टवर ‘बेळगावी’. अडचण येईल का?

१ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं अधिकृत नाव बदललं. त्याआधीच्या कागदांवर इंग्रजीत जुनं नाव असणारच. नुसत्या त्यामुळे अर्ज नाकारलेला मी पाहिलेला नाही. फॉर्ममध्ये पासपोर्टवर जसं आहे अगदी तसं लिहा आणि सोबतच्या पत्रात एक ओळ टाका की दोन्ही एकाच शहराची नावं आहेत.

खरा त्रास माणसाच्या नावाचा होतो. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी रीत. कर्नाटकातल्या काही दाखल्यांवर आडनाव नुसतं एका अक्षरात येतं. शाळेत मराठी नाव आधी कन्नडमध्ये लिहिलं गेलं आणि त्यावरून इंग्रजीत उतरलं, असंही होतं. एका मुलीकडे चौगुले आडनावाची तीन कागदांवर तीन स्पेलिंगं होती: दहावीला एक, शिवाजी विद्यापीठाच्या पदवीवर दुसरं, आधारवर तिसरं. अशा वेळी प्रतिज्ञापत्र करून भागतं, पण दहावीचा दाखला पाया धरून बाकीचे दुरुस्त करून घेतलेले बरे. पासपोर्ट काढायच्या आधी करा, नंतर दुप्पट खेपा पडतात.

कन्नडमधले कागद, म्हणजे जन्मदाखला, उत्पन्नाचा दाखला, आरटीसी (शेताचा उतारा), यांचं इंग्रजी भाषांतर लागतं. भाषांतरकाराची सही, तारीख, पत्ता असू द्या. अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, लागला तर पदवी ज्या राज्याची त्या राज्याकडून तिची पडताळणी होते: व्हीटीयू (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ) किंवा राणी चन्नम्मा विद्यापीठाची कर्नाटकातून, शिवाजी विद्यापीठाची महाराष्ट्रातून. दोन राज्यांत शिकलेल्यांनी दोन्हीकडचा वेळ धरून चाला.

मराठी माध्यमात शिकलोय. जमेल का?

जमेल. मीही दहावीपर्यंत मराठीतच शिकले. इंग्रजीची परीक्षा द्यावी लागेल, ती दोनदा द्यायची तयारी ठेवा. सीमाभागातली मुलं घरी मराठी, बाजारात कन्नड, शेजारी हिंदी आणि वर्गात इंग्रजी बोलतच वाढतात. चौथी-पाचवी भाषा त्यांना जड जात नाही, हे मी जर्मन शिकणाऱ्या मुलांत डोळ्यांनी पाहतेय.

पोचल्यावर पहिलं काय करायचं?

जर्मनीत घर मिळाल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, तिला आन्मेल्डुंग म्हणतात. तिच्याशिवाय करक्रमांक नाही, आणि पुढचं बरंच अडतं. मग आरोग्यविमा, आणि व्हिसा संपायच्या आत मुक्कामाचा परवाना. त्या कार्यालयात भेटीची वेळ मिळायला महिने लागू शकतात, म्हणून पोचल्याच्या आठवड्यातच मागा आणि मागितल्याचा ईमेल जपून ठेवा. कॅनडात कामाला लागायच्या आधी सिन (सामाजिक विमा क्रमांक), ऑस्ट्रेलियात टीएफएन (करक्रमांक). इंग्लंडमध्ये प्लास्टिकचं कार्ड बंद होऊन ई-व्हिसा आला आहे. त्याचं खातं उघडून नाव, जन्मतारीख आणि अभ्यासक्रमाच्या तारखा बरोबर आहेत का बघा.

पत्ता बदलला की कळवायचं, हे सगळ्या देशांत आहे. मुलं स्वस्त खोली मिळाली की हलतात आणि विसरतात.

शिक्षण संपल्यावर किती दिवस राहता येतं?

जर्मनीत नोकरी शोधायला १८ महिने, आणि त्या काळात कुठलंही काम करता येतं. इंग्लंडमध्ये ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा आहे, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना १८ महिनेच मिळतील. पीएचडीला तीन वर्षं. हा अर्ज इंग्लंडमध्ये असतानाच आणि आधीचा व्हिसा संपायच्या आत करावा लागतो, त्यामुळे निकालाआधी लग्नकार्यासाठी गावी येताना तारखा बघून या.

कॅनडात अभ्यासक्रमानुसार तीन वर्षांपर्यंत. १ नोव्हेंबर २०२४ पासून त्यासाठी भाषेची परीक्षा लागते, आणि पदवी नसलेल्या कॉलेज अभ्यासक्रमांना विषयाचंही बंधन आलं आहे. एजंटनं सुचवलेला डिप्लोमा त्या यादीत बसतो का हे पैसे भरायच्या आधी तपासा. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२४ पासून बहुतेकांना वयाची अट ३५ ची झाली. इथे नोकरी करून उशिरा निघणाऱ्यांनी हे बघावं. आयर्लंडमध्ये पदव्युत्तर शिक्षणानंतर २४ महिन्यांपर्यंत मिळतात.

अमेरिकेत ओपीटी १२ महिने, विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणिताच्या विषयांना आणखी २४. पहिल्या १२ महिन्यांत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. आणि पूर्णवेळ सीपीटी १२ महिने वापरली तर त्या पातळीची ओपीटी जाते.

मग कायमचं राहता येतं का?

शिक्षणाचा व्हिसा कायमच्या मुक्कामाचं वचन नाही. जर्मनीचा रस्ता त्यातल्या त्यात सरळ आहे: तिथलीच पदवी, पदवीला साजेशी नोकरी, दोन वर्षं, भाषा आणि पेन्शनचा हप्ता भरलेला, एवढ्यावर कायम परवान्याचा अर्ज करता येतो. इंग्लंडमध्ये ग्रॅज्युएट व्हिसावर काढलेली वर्षं कायम मुक्कामासाठी लागणाऱ्या कुशल कामगाराच्या वर्षांत धरत नाहीत. कॅनडात पूर्णवेळ शिकत असताना केलेली नोकरी कॅनेडियन अनुभवाच्या वर्गात मोजत नाहीत. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची वर्षाची मर्यादा ८५,००० आणि निवड सोडतीनं होते, २०२६ पासून त्यात जास्त पगाराच्या नोकऱ्यांना जास्त संधी असते.

नवरा किंवा बायको सोबत येऊ शकते का?

इंग्लंडमध्ये १ जानेवारी २०२४ पासून संशोधनाचे पदव्युत्तर विद्यार्थी आणि सरकारी शिष्यवृत्तीवाले सोडून बाकीच्यांना नाही. अमेरिकेत एफ-२ या जोडीदाराच्या व्हिसावर येता येतं, काम करता येत नाही. कॅनडात २१ जानेवारी २०२५ पासून जोडीदाराला कामाचा परवाना मुख्यतः १६ महिन्यांच्या वा मोठ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आणि पीएचडीला. ऑस्ट्रेलियात चालतं. लग्न ठरवताना ‘मुलगी शिकायला जातेय, जावईही जाईल’ असं कुणी म्हणालं तर आधी हे बघा.

एजंट फी घेत नाही. मग त्याचं कसं भागतं?

कॉलेज त्याला कमिशन देतं. यात बेकायदा काही नाही, पण जिथे कमिशन जास्त तिकडे तो मुलाला ओढणार, हे धरून चाला. जर्मनीच्या सरकारी विद्यापीठांकडून त्याला काही मिळत नाही, म्हणून ‘जर्मनी अवघड आहे’ असं ऐकू येतं. प्रवेशपत्र आलं की विद्यापीठाच्या अधिकृत पत्त्यावर मुलानं स्वतः ईमेल करून खात्री करावी. २०२३ मध्ये कॅनडात बनावट प्रवेशपत्रांचं प्रकरण उघडकीला आलं तेव्हा कित्येक मुलं तिथे शिकून नोकरीला लागली होती, आणि आपलं पत्र खोटं होतं हे त्यांना तेव्हा कळलं. सगळे पासवर्ड आणि अर्जाचा ईमेल मुलाच्या हातात असावा.

तिथं काही बरंवाईट झालं तर कुणाला कळवायचं?

पोचल्यावर परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर विद्यार्थी म्हणून नाव नोंदवा, फुकट आहे. नापास झालात, हजेरी कमी पडली, आजारी पडलात, तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात आधी जा. अभ्यासक्रम सोडायच्या किंवा बदलायच्या आधी गेलात तर ते वाट काढून देतात, नंतर गेलात तर त्यांना वर कळवणं भाग असतं.

पोरगं फोनवर कामाचं नीट सांगत नाही. आई म्हणून मी काय विचारू?

“किती मिळतात?” हे विचारू नका. त्या प्रश्नानं मुलाला वाटतं घरी ओढ आहे, आणि तो एक पाळी जास्त उचलतो. कर्जाचा हप्ता कसा भरताय हेही दर फोनला सांगू नका.

“या आठवड्यात किती तास झाले?” असं विचारा. आकडा पटकन आला तर तो लिहून ठेवतोय. अडखळला तर पुढच्या रविवारी पुन्हा विचारा. खानापूरच्या एक बाई स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, मुलाचे तास लिहितात. शिकलेल्या चौथीपर्यंत. मुलगा ऑस्ट्रेलियात आहे, आणि एकदा त्यांनीच त्याला फोनवर सांगितलं, “मागल्या आठवड्याचे तीस आहेत बघ, या आठवड्याला अठराच्या वर जाऊ नको.”